सिस्टर वॉर्ड यांना दिसलेला पिवळा त्रिकोण



बाळ जरा पिवळं दिसलं की भारतातून पहिला सल्ला काय येतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे: "कोवळ्या उन्हात धर त्याला." आमची मुलगी इथे इंग्लंडात डिसेंबरात जन्मली. दुपारी चारलाच अंधार. ऊन आणायचं कुठून? तिसऱ्या दिवशी नर्सनं तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधून तिला निळ्या दिव्याखाली ठेवलं. आई फोनवर म्हणाली, "म्हणजे मी म्हणत होते तेच की!" आईचं किती खरं होतं, हे शोधताना मला आजची गोष्ट सापडली.

साल 1956. एसेक्समधलं रॉचफर्ड जनरल हॉस्पिटल. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग सिस्टर वॉर्ड सांभाळत. कोंदट, गरम खोलीपेक्षा मोकळी हवा आणि ऊन बरं, असं त्यांचं ठाम मत. उन्हाळ्यात त्या बाळांना अंगणात नेत. एके दिवशी त्यांनी जरा संकोचतच डॉक्टरांना एक बाळ दाखवलं. अंग फिकट, पण एक त्रिकोण मात्र गडद पिवळा. डॉक्टरांना वाटलं, सिस्टरनी तिथे काही औषध लावलंय. सिस्टर म्हणाल्या, तिथे चादरीचा कोपरा होता. बाकीच्या अंगाचाच पिवळेपणा उतरलाय.

विषय तिथेच राहिला. मग काही आठवड्यांनी कावीळ झालेल्या एका बाळाच्या रक्ताची नळी प्रयोगशाळेत उन्हात राहून गेली आणि तपासणीचा आकडा अपेक्षेपेक्षा बराच कमी आला. आमच्या आयटीत असा आकडा दिसला की "डेटा चुकलाय" म्हणून पुसून टाकायचा मोह होतो. डॉ. रिचर्ड क्रेमर यांना मात्र तो त्रिकोण आठवला. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आधी ऊन, मग निळ्या दिव्यांच्या नळ्या वापरून पाहिल्या आणि 1958 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापले. तरी दहा वर्षं अनेकांचा विश्वास बसला नाही. 1968 मध्ये अमेरिकेत जेरोल्ड ल्युसी यांनी रीतसर चाचणी घेतली, आणि मग हे दिवे जगभर पोचले.

दिवा करतो काय? लाल रक्तपेशी तुटल्या की बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य बनतं. त्याचा रेणू स्वतःत असा दुमडलेला असतो की तो पाण्यात विरघळत नाही. यकृत त्यावर प्रक्रिया करून त्याला बाहेर काढतं, पण नवजात बाळाचं यकृत अजून कच्चं असतं. साठलेलं बिलिरुबिन फार वाढलं तर मेंदूला कायमची इजा होते. निळा प्रकाश पडला की रेणूतला एक दुहेरी बंध वळतो, घडी उलगडते, आणि तो यकृताची वाट न पाहता पित्तातून, लघवीतून निघून जातो. त्याआधी गंभीर कावीळ झालेल्या बाळाचं रक्तच बदलावं लागे.

प्रकाशानं आकार बदलणारे असे रेणू आता रसायनशास्त्रज्ञ मुद्दाम घडवतात: दिवा लावला तरच, आणि हवं तिथेच औषध काम करील, या आशेनं. आपल्या बाळांच्या वॉर्डात मात्र ते तत्त्व केव्हाच कामाला लागलंय.

आणि आईचा सल्ला? तत्त्व बरोबर, पण उपचार म्हणून ऊन चालत नाही. त्याची मात्रा मोजता येत नाही, आणि उघडं बाळ गारठतं किंवा भाजतं. म्हणून इथले डॉक्टर उन्हावर विसंबू नका असंच सांगतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. आपल्या सावळ्या त्वचेवर पिवळेपणा पटकन दिसत नाही. बाळाच्या डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या उजेडात पाहा. जन्मानंतर पहिल्या 24 तासांत कावीळ दिसली, किंवा बाळ सुस्त होऊन दूध पिईना, तर लगेच दवाखाना गाठा. भारतात फोन नंतर करा.

सिस्टर वॉर्डनी वेगळं काही केलं नव्हतं. त्यांनी बाळाकडे नीट पाहिलं, आणि दिसलं ते संकोच वाटत असतानाही सांगितलं. तेवढं आपल्यालाही जमेल.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.