खर्डेघाशीचे दुखणे : कातिबाच्या बैठकीपासून संगणकापर्यंत

मराठीत कारकुनी कामाला ‘खर्डेघाशी’ म्हणतात. शब्दात थोडी थट्टा आहे. शेतात, हमालीत, गिरणीत अंग झिजते. सावलीत बसून लिहिणाऱ्याला कसले आले दुखणे, असा त्यामागचा समज. नांदेड-लातूरच्या दफ्तरांचा इतिहास पाहिला, तर या समजाची किंमत कोण मोजत आले, हे लक्षात येते.

‘दफ्तर’, ‘कारकून’, ‘मुनशी’ हे शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आले. निजामाच्या राज्यात 1884 पर्यंत कामकाजाची भाषा फारसी होती, पुढे उर्दू झाली. भाषा बदलली तरी लिहिणाऱ्याची बैठक बदलली नाही. जमिनीवर गादी, पुढे उतरते लाकडी डेस्क, बाजूला कापडात बांधलेले बस्ते. उर्दू कातिब तर एक गुडघा उभा करून त्यावर पाटी टेकवत आणि तासन्‌तास वाकून लिहीत. सुंदर अक्षराची तारीफ सगळ्यांनी केली. वाकलेल्या पाठीची दखल क्वचितच कुणी घेतली.

ती दखल इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने घेतली होती. कामगारांच्या आजारांवरील त्याचा ग्रंथ 1700 साली निघाला. 1713 च्या आवृत्तीत त्याने लेखनिकांचाही विचार केला आणि त्यांच्या आजाराची तीन कारणे सांगितली : सतत बसणे, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण. आजच्या डेटा एन्ट्री करणाऱ्या मुलालाही हेच वर्णन लागू पडते.

सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले. 1982 मध्ये लातूर स्वतंत्र जिल्हा झाला, 1994 मध्ये नांदेडला विद्यापीठ आले. कचेऱ्या वाढल्या, गादीची जागा टेबल-खुर्चीने घेतली. पण खुर्ची म्हणजे आराम नव्हे. लंडनच्या बसगाड्यांवरचा जेरी मॉरिस यांचा अभ्यास 1953 मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांमध्ये हृदयविकार जास्त, जिने चढणाऱ्या कंडक्टरांमध्ये कमी, असे त्यात दिसले.

इमारतीही बदलल्या. जुन्या कचेऱ्यांची उंच छते, जाड भिंती, व्हरांडे आणि रोशनदान उन्हाळा थोपवत. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या घरांनी हजारो जीव घेतले, तेव्हा जाड भिंतींची धास्ती बसणे स्वाभाविक होते. मात्र सिमेंटचा स्लॅब घेताना हवा आणि सावली यांचा जुना हिशेब आपण सोडून दिला. तो सोडण्याची गरज नव्हती.

कायद्यानेही आधी कारखाना पाहिला. 1948 च्या कारखाना कायद्यात नव्या कारखान्यातील प्रत्येक कामगारामागे किमान 14.2 घनमीटर जागा ठरली होती. दुकाने आणि खासगी कार्यालयांसाठी महाराष्ट्राचा 2017 चा कायदा स्वच्छता, उजेड आणि खेळती हवा मागतो, पण त्याचा मुख्य भार मुळात दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर होता.

नेमकी इथेच आपली मुले सापडतात. 1981 मध्ये नूरी नस्तालिक आले, पुढे इनपेज आले आणि कातिबाची पाटी गेली. त्याची पुढची पिढी आज दोन-तीन जणांच्या डीटीपी आणि ऑनलाईन फॉर्मच्या दुकानांत बसते. पत्र्याचा गाळा, मागे भिंत, प्लास्टिकची खुर्ची. कातिबाचा गुडघा सुटला. मान, मनगट आणि डोळे अडकले.

उपाय महागडे नाहीत. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी. त्यासाठी खाली दोन जुने रजिस्टर पुरतात. पडदा हातभर दूर, कोपर टेबलाच्या उंचीला, पाय जमिनीवर टेकलेले. खिडकी पाठीशी किंवा समोर नको, बाजूला असावी. प्रिंटर हवेशीर जागी ठेवावा, पत्र्याखाली छत घालावे. दर वीस मिनिटांनी दूर पाहावे, अर्ध्या तासाने उठावे. मात्र उठण्याची मुभा मालकाने दिली पाहिजे. ती नसेल तर बाकीचे सल्ले कागदावरच राहतात.

विणकराच्या मागाची आणि हमालाच्या पाठीची मोजदाद कामगार चळवळीने केली. खर्डेघाशी करणाऱ्याची खुर्ची आणि खिडकीही त्याच हिशेबात धरायला हवी. ती मालकाची मेहेरबानी नाही, मजुरीचाच भाग आहे.