संगणकरचना, उपभोक्ता-सहभागी
संगणकयंत्र, त्याची कळपाटी व आज्ञावली यांची आखणी केवळ तंत्रज्ञाच्या मर्जीवर न सोडता, ज्यांना त्यांवर नित्य काम करावयाचे आहे त्यांच्या सूचना, अडचणी व अनुभव यांचा तीत अंतर्भाव करण्याची पद्धती. नॉर्वेत १९७० नंतर संगणकशास्त्रज्ञ क्रिस्तेन न्यूगार्ड यांनी धातुकामगार संघटनेसमवेत केलेल्या कार्यापासून तिला शास्त्रीय रूप आले.

मराठीत या विचाराची खरी कसोटी लिपीच्या प्रांतात लागली. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूस आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्यास, हा भेद एका अर्ध्या ‘र’वर अवलंबून आहे; ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांचेही तसेच. हा भेद ज्या यंत्रास लिहिता येत नाही, ते कितीही शीघ्रगती असले तरी मराठी दफ्तरास निरुपयोगीच होय. इन्स्क्रिप्ट कळपाटीत ‘र’च्याच कळीवर, शिफ्ट दाबून, ‘ऱ’ मिळतो, त्यास हलन्त व ‘य’ जोडला की इष्ट अक्षर उमटते. ‘ॲ’ची कथा अधिक दीर्घ आहे: हिंदी वळणाच्या ‘ऍ’वर मराठी लेखकांस वर्षानुवर्षे भागवावे लागले, आणि स्वतंत्र संकेतांक युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ साली, लाभला. पुढे महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमालेत ‘ॲ’ व ‘ऑ’ या स्वरांस रीतसर स्थान दिले, तसेच पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ प्रमाण ठरविले. टंकरचनाकारांस ही वळणे आजही हिंदी वळणांहून निराळी राखावी लागतात.