कॅरॉटिड धमनीविकार : जनुकांची अभिव्यक्ती आणि लेपाची स्थिरता

मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे रक्त नेणाऱ्या कॅरॉटिड धमन्यांच्या अस्तरात मेद, दाहपेशी, तंतू व कॅल्शियम साचून लेप तयार होणे, हा रोहिणीविलेपी विकाराचा एक प्रकार आहे. धमनी जबड्याखाली जिथे दुभागते तिथे तो अधिक आढळतो. लेप फुटला की त्यावर रक्ताची गुठळी धरते, तिचे तुकडे मेंदूत जाऊन अडकतात आणि लकवा (पक्षाघात) मारतो.

स्थिर व अस्थिर लेप : स्थिर लेपावर कोलॅजनचे जाड कवच असते. अस्थिर लेपात कवच पातळ, आतला मेदगाभा मोठा, भक्षकपेशी पुष्कळ आणि अनेकदा आत रक्तस्राव झालेला असतो. त्यामुळे धमनी किती अरुंद झाली, एवढ्यावरून धोक्याचा पूर्ण अंदाज येत नाही.

जनुकांचे कार्य : शरीरातील पेशींचा जनुकसंच जवळपास सारखाच असतो, कोणते जनुक किती सक्रिय आहे, यावर पेशीचे वागणे ठरते. गुळगुळीत स्नायुपेशींतील कोलॅजनची जनुके सक्रिय असली की कवच मजबूत राहते. टी-पेशींमधून स्रवणारे इंटरफेरॉन-गॅमा ती मंद करते. भक्षकपेशींतील एमएमपी-९ सारखी विकरे कोलॅजन तोडतात, तर टिंप प्रथिने त्या विकरांना आवर घालतात. हे संतुलन ढळले की कवच झिजते.

ही माहिती मुख्यतः शस्त्रक्रियेत काढलेल्या लेपांतील आरएनए, म्हणजे सक्रिय जनुकांची नक्कल, मोजून मिळाली. स्टॉकहोम व उट्रेख्ट येथे अशा लेपांचे मोठे संग्रह आहेत. मात्र काढलेला लेप बहुधा आधीच विकोपाला गेलेला असतो. त्यामुळे दिसणारा बदल फुटण्याचे कारण की परिणाम, हे त्यावरून सहज ठरत नाही. वारशाने येणाऱ्या घटकांपैकी एचडीएसी-९ जनुकाजवळील फरकाचा मोठ्या धमन्यांच्या विकारातून येणाऱ्या पक्षाघाताशी संबंध २०१२ मध्ये दिसून आला.

चंद्रपूर-गडचिरोली : पक्षाघात इथेही मोठा प्रश्न आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यापलीकडे, वैनगंगेच्या पूर्वेस असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतील मृत्यूंचा अभ्यास केला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताने झाले होते. मृत्यूच्या कारणांत त्याचा क्रमांक पहिला होता आणि पक्षाघाताच्या मृत्यूंपैकी ८७.३ टक्के घरीच झाले. घरच्यांना विचारून केलेल्या नोंदींवरून पक्षाघात गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे कळत नाही. त्यासाठी सीटी स्कॅन लागतो. या पट्ट्यात आढळणाऱ्या सिकलसेल आजारातही मुलांना पक्षाघात होतो. तिथे कॅरॉटिडचा कवटीतील शेवटचा भाग अरुंद होतो, पण त्यामागे मेदाचा लेप नसतो.

उपचार : १९९१ च्या अमेरिका-कॅनडातील चाचणीत लक्षणे दिसलेल्या व ७० ते ९९ टक्के अरुंद धमनी असलेल्या रुग्णांत, त्याच बाजूच्या पक्षाघाताचे दोन वर्षांतील प्रमाण लेप काढण्याच्या शस्त्रक्रियेने २६ वरून ९ टक्क्यांवर आले. २००१ मधील एका अभ्यासात तीन महिने प्रावास्टॅटिन घेतलेल्यांच्या लेपात मेद व दाह कमी, तर कोलॅजन अधिक आढळले. म्हणजे लेपाचा स्वभाव औषधाने बदलू शकतो. जनुकतपासणी अजून नेहमीच्या उपचाराचा भाग नाही. रक्तदाब आटोक्यात ठेवणे, तंबाखू-खर्रा सोडणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने स्टॅटिन घेणे हे उपाय मात्र आजच करता येतात. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे किंवा एका डोळ्यापुढे अंधारी येणे ही लक्षणे काही मिनिटांत ओसरली, तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठणे आवश्यक आहे.