चांदा ते पडघे : दूरच्या आज्ञेचा पुरावा

जुन्या कागदांत आज्ञा कोणाची, हें शिक्कामोर्तबावरून ठरतें. विजेच्या कारभारांत हा शोध अवघड आहे. चंद्रपूर, म्हणजे १९६४ पूर्वींचें चांदा, येथून ठाणें जिल्ह्यांतील पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरांची एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९९ मध्यें सुरू झाली. दाब अधिक-उणा ५०० किलोव्होल्ट, क्षमता १५०० मेगावॉट. सामान्यतः चंद्रपुरास प्रवाह सांभाळावयाचा व पडघ्यास दाब. म्हणून दोन्ही टोकांस परस्परांचे संकेत लागतात. या सर्वांवर कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्राची देखरेख. त्याच्या आज्ञेस २००३ च्या वीज कायद्याच्या ३३ व्या कलमाचा आधार आहे.

१२ ऑक्टोबर २०२० रोजीं याच पडघे-कळवा भागांतील वाहिन्या बंद पडून मुंबईची वीज गेली. मार्च २०२१ मध्यें राज्याच्या गृहमंत्र्यांनीं यंत्रणेंत दुरून घुसखोरी झाल्याची शंका मांडली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनीं मानवी चूक हें कारण दिलें. आमच्या मतें दोन्ही विधानें दुय्यम साधनें होत. अस्सल साधन म्हणजे उपकेंद्रांतील यंत्रांनीं स्वतः केलेली क्षणाक्षणाची घटनानोंद. तिला ना शिक्का, ना दफ्तर. राखून न ठेविल्यास नव्या नोंदींखालीं ती पुसली जाते. त्या दिवसाची नोंद कोणीं व कोठें जपली, हा प्रश्न आधीं विचारावयास हवा.