सहा महिन्यांची जपानी शाळा

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडातील ब्लेचली पार्क येथे शत्रूच्या गुप्त संदेशांचा उलगडा करणारे जे सरकारी खाते होते, त्यातील गणितज्ञांची व यंत्रांची कीर्ती पुढे सर्वतोमुखी झाली. परंतु पेटीचे कुलूप उघडले म्हणजे आतील कागद वाचता येतोच असे नाही. १९४१ च्या डिसेंबरात जपान युद्धात उतरला आणि ह्या खात्यापुढे हाच पेच उभा राहिला. बिनतारी संदेश हाती येत होते, त्यांतील काहींची गुप्तलिपी उलगडतही होती. पण उलगडल्यावर जे निघे ते जपानी! आणि ते वाचणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी.

जॉन टिल्टमन नावाचे एक लष्करी अधिकारी खात्यात होते. त्यांचा आपल्या देशाशी जुना संबंध होता; १९२० नंतरच्या दशकात सिमल्यास राहून ते रशियन तारांचा उलगडा करीत असत. हुशार तरुणांना सहा महिन्यांत जपानी शिकविता येईल काय, असे त्यांनी लंडनमधील पौर्वात्य भाषांच्या पंडितांस विचारले. उत्तर आले की, ही गोष्ट अशक्य. ह्या भाषेस काही वर्षे तरी दिली पाहिजेत. पंडित चुकले असे म्हणता येत नाही. भाषा शिकणे म्हणजे ती ऐकणे, बोलणे, लिहिणे व वाचणे, असे त्यांनी गृहीत धरले होते. टिल्टमनला ह्यांपैकी एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे वाचणे.

ह्या कामासाठी त्यांनी गुरुजी शोधले तेही मोठे नामी. कॅप्टन ऑस्वल्ड टक हे आरमारातील निवृत्त अधिकारी, वयाने साठीच्या पुढचे. तरुणपणी पूर्वेकडील समुद्रात जहाजावर असताना त्यांनी बव्हंशी स्वतःच्या खटपटीने जपानी भाषा आत्मसात केली होती, आणि रशिया-जपान युद्धाचा जपान्यांनी लिहिलेला गुप्त नाविक इतिहास इंग्रजीत उतरविला होता. अध्यापनशास्त्राची कसलीही पदवी गाठी नसलेल्या ह्या वृद्ध नाविकाने १९४२ च्या फेब्रुवारीत, ब्लेचलीजवळच्या बेडफर्ड गावी, गॅस कंपनीच्या दुकानावरील माडीवर वर्ग उघडला.

विद्यार्थी आले ते बहुतेक ऑक्सफर्ड व केंब्रिजचे, आणि त्यांतही ग्रीक-लॅटिन शिकलेले. ह्या निवडीत मर्म होते. ज्या भाषा कोणी बोलत नाही त्या केवळ कागदावरून, व्याकरण व संदर्भ ह्यांच्या आधाराने लावण्याची ह्या मुलांना सवय होती. आपल्याकडील संस्कृतचा विद्यार्थी बाजारात संस्कृतातून भाजी मागत नाही, पण श्लोकाचा अन्वय लावतो, तसेच हे.

तथापि काम सोपे नव्हते. तारेने जपानी पाठवावयाचे तर चिनी वळणाची चित्राक्षरे जात नाहीत, नुसते उच्चार जातात. त्यामुळे अर्थाचा गोंधळ माजतो. 'कोकाई' ह्या एकाच उच्चाराचा अर्थ समुद्रपर्यटन होतो, पश्चात्ताप होतो, जाहीर करणे होतो आणि पीतसमुद्रही होतो! मराठीत 'कर' म्हणजे हात, सारा, किरण की आज्ञा, हे मागच्यापुढच्या शब्दांवरूनच ठरते. पण जपानीत अशा शब्दांची रेलचेल. त्यात बिनतारी ग्रहणात मधली अक्षरे गळालेली असावयाची. आरमाराचा तांडा पीतसमुद्रात शिरला की नुसताच सफरीस निघाला, ह्यावर माणसांचे प्राण अवलंबून असत. म्हणून टक ह्यांनी संभाषणाचे पाठ बाजूस सारून मुलांना तारांच्या भाषेतच मुरविले. योग्य शब्दकोशांची तर सदाच टंचाई असे.

वर्ग सुरू होऊन दोन आठवडे झाले नाहीत तोच, १५ फेब्रुवारी रोजी सिंगापूर पडले आणि हजारो हिंदी शिपाई जपान्यांच्या कैदेत गेले. ८ मार्चला रंगून गेले. ६ एप्रिलला विशाखापट्टण व काकिनाडा येथे बाँब पडले. माडीवरील मुले तेव्हा अजून क्रियापदांची रूपे घोकीत होती. शिक्षणाला अशा वेळी घाई करता येत नाही, हेच त्यातील दुःख. पण उन्हाळ्यात मुदत संपली तेव्हा पहिली तुकडी खरोखरच संदेश वाचू लागली होती. टिल्टमनचा डाव साधला. लगोलग दुसरा वर्ग भरला, मग तिसरा. युद्ध संपेपर्यंत अकरा वर्ग झाले आणि दोनशेंहून अधिक वाचक तयार झाले.

त्यांतील काही ब्लेचलीस राहिले, काही कोलंबोस गेले आणि काही दिल्लीस आले. दिल्लीत आनंद पर्वतावर, रामजस कॉलेजच्या इमारतींत, 'वायरलेस एक्स्पेरिमेंटल सेंटर' अशा निरुपद्रवी नावाखाली ब्रह्मदेशातील जपानी सैन्याचे संदेश वाचण्याचे काम चाले. बेडफर्डचा विद्यार्थी ॲलन स्ट्रिप तेथे होता. त्याने ह्या कामाविषयी पुस्तक लिहिले ते १९८९ साली. त्यापूर्वी तीस वर्षे आणि अधिक काळ सर्वांनीच तोंडास कुलूप घातले होते. ब्लेचलीचे रहस्य १९७४ नंतर उघड होऊ लागले, तेव्हा टक हयात नव्हते.

पहिल्या वर्गातील एरिक सीडेल शिकून झाल्यावर टक ह्यांच्या हाताखाली तेथेच शिक्षक झाला. १९४७ पासून तो केंब्रिज विद्यापीठात जपानी शिकवू लागला, आणि १९६७ त तेथील ग्रंथालयाचा मुख्य झाला. त्याचा सहाध्यायी मायकेल लोवी चिनी भाषेकडे वळला आणि चीनच्या हान राजवंशाचा इतिहासकार म्हणून नावाजला.