परदेशातून मॉड्युलर लॅपटॉप मागवताना: घरच्यांसाठी माहिती

आपल्याकडे बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी परदेशात आहे. मुलगा किंवा मुलगी कॉलेजला गेली की फोन जातो, "मामू, येताना एक लॅपटॉप आणा." हल्ली मुलं साधा लॅपटॉप मागत नाहीत, त्यांना मॉड्युलर लॅपटॉप हवा असतो. आमच्या घरीही हीच फर्माईश झाली. त्यात आम्ही जे शिकलो आणि नियम वाचून जे समजलं, ते इथे एकत्र मांडत आहोत.

मॉड्युलर लॅपटॉप म्हणजे काय?

ज्याचा प्रत्येक महत्त्वाचा भाग घरच्या घरी काढता आणि बदलता येतो, तो मॉड्युलर लॅपटॉप. यात सध्या सर्वांत ओळखीचं नाव फ्रेमवर्क या अमेरिकी कंपनीचं आहे. निरव पटेल यांनी ती सुरू केली आणि २०२१ मध्ये १३ इंची पहिला लॅपटॉप बाजारात आला. १६ इंची मॉडेल २०२४ मध्ये ग्राहकांच्या हाती पडलं आणि २०२५ मध्ये विद्यार्थ्यांना समोर ठेवून १२ इंची टचस्क्रीन मॉडेल जाहीर झालं.

१३ इंची मॉडेलचा तळ पाच स्क्रूंनी बसवलेला असतो आणि स्क्रूड्रायव्हर खोक्यातच मिळतो. बॅटरी, स्क्रीन, कीबोर्ड, स्पीकर सगळे वेगळे विकत मिळतात. कडेला चार खाचा असतात. यूएसबी, एचडीएमआय, मेमरी कार्ड यांपैकी जे लागेल त्याचं छोटं कार्ड त्यात सरकवायचं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मेनबोर्ड बदलता येतो. २०२१ च्या बॉडीत पुढच्या वर्षांचे नवे इंटेल आणि एएमडी बोर्ड बसतात. पूर्ण लॅपटॉप फेकावा लागत नाही.

भारतात का मिळत नाही?

कंपनी विक्री करते ती स्वतःच्या संकेतस्थळावरून आणि ठरावीक देशांतच. सुरुवात अमेरिका व कॅनडापासून झाली, मग ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, तैवान असे देश जोडले गेले. भारत आजवर त्या यादीत आलेला नाही. आखातातल्या नातेवाइकांना सांगण्याआधी ते राहतात तो देश यादीत आहे का, हे पाहून घ्या. नाहीतर भाईजान दुबईच्या दुकानांतून उगाच फिरत बसतील.

आणायचा कसा? दोन रस्ते

पहिला रस्ता, येणाऱ्या माणसासोबत. १८ वर्षं पूर्ण झालेल्या प्रवाशाला सामानातून एक लॅपटॉप सीमाशुल्काशिवाय आणता येतो. ही सवलत इतर वस्तूंच्या मर्यादेपेक्षा वेगळी आहे. पण ती एकाच लॅपटॉपची. दुसरा आणला तर तो नेहमीच्या मर्यादेत मोजला जातो आणि मर्यादेबाहेर गेला तर जाहीर करून ड्यूटी भरावी लागते. सुटा मेनबोर्ड किंवा स्क्रीन हा लॅपटॉप नव्हे, तोही नेहमीच्या मर्यादेतच धरा. खरेदीचं बिल जवळ असावं.

लॅपटॉप हातातल्या बॅगेत ठेवावा. सुटी बॅटरी तर चेक-इन सामानात चालतच नाही, ती केबिनमध्येच न्यावी लागते. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीला सहसा अडचण येत नाही. १३ इंची मॉडेलची बॅटरी ५५ किंवा ६१ आणि १६ इंचीची ८५ वॉट-अवरची आहे.

दुसरा रस्ता, कुरिअर. भारताने २०२३ मध्ये लॅपटॉपच्या आयातीवर निर्बंध आणले, पण पोस्ट किंवा कुरिअरने एक लॅपटॉप मागवण्याची सूट ठेवली. फक्त त्यावर लागू होईल ती ड्यूटी भरावी लागते. पार्सल घेणाऱ्याची केवायसी कागदपत्रंही लागतात.

इथेच आमची चूक झाली. मुलीच्या मामूने ब्रिटनहून पार्सल पाठवलं आणि प्रेमाने त्यावर 'गिफ्ट' असं लिहिलं. आम्हालाही वाटलं, भेट आहे म्हणजे पैसे लागणार नाहीत. पण डिसेंबर २०१९ पासून राखी आणि जीवरक्षक औषधं सोडली तर पोस्ट-कुरिअरने पूर्ण ड्यूटी न भरता गिफ्ट म्हणून वस्तू आयात करायला मनाई आहे. तीन आठवडे फोन आणि ईमेल चालले, शेवटी पार्सल परत गेलं. जाण्या-येण्याचा खर्च मामूच्या खिशातून गेला आणि मुलीचं पहिलं सेमिस्टर मैत्रिणीच्या लॅपटॉपवर निघालं. पुढे एक ओळखीचे गृहस्थ सुट्टीत आले, त्यांनी तोच लॅपटॉप हातातल्या बॅगेतून आणला.

ऑर्डर देताना

- डीआयवाय एडिशन घेतली तर रॅम, एसएसडी आणि विंडोज त्यात नसतात. रॅम आणि एसएसडी साध्या बाजारी मापाच्या असल्याने मुंबईत लॅमिंग्टन रोडवरही मिळतात. दोन्हीकडचे भाव विचारा, मग ठरवा.
- रॅम डीडीआर४ की डीडीआर५, हे मॉडेलप्रमाणे बदलतं. चुकीची बसत नाही.
- कीबोर्डची मांडणी देशागणिक वेगळी असते. आपल्याकडे सवय अमेरिकी इंग्रजी मांडणीची आहे, तीच निवडायला सांगा.
- चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, फक्त पिनचा अ‍ॅडॉप्टर लागतो.
- वॉरंटी ज्या देशात विकला त्या देशापुरती धरून चला. बदलीचा भाग तिथल्याच पत्त्यावर येईल. म्हणून घरी आणण्याआधी आठवडाभर तिथेच वापरून बघायला सांगा.

घ्यावा की नाही?

या लॅपटॉपची सगळी किंमत त्याच्या सुट्या भागांत आहे आणि ते भाग आपल्या शहरात मिळत नाहीत. गेल्या वर्षी मुलीच्या कीबोर्डवर चहा सांडला. बदलणं अर्ध्या तासाचं काम होतं, पण कीबोर्ड हातात यायला दोन महिने लागले, कारण तोवर तिकडून येणारं कुणी नव्हतं. दोन महिने तिने बाहेरचा यूएसबी कीबोर्ड जोडून काम भागवलं.

म्हणून आमचं सांगणं एवढंच आहे. विक्रीच्या देशात राहणारं आणि वर्षातून एकदा तरी घरी येणारं माणूस असेल, तर हा लॅपटॉप बरीच वर्षं साथ देईल. तसं कुणी नसेल, तर आपल्या शहरात दुरुस्त होणारा, रॅम आणि बॅटरी बदलता येणारा साधा लॅपटॉप घ्या. मुलांचं शिक्षण पार्सलची वाट बघत थांबू नये. आणि ऑर्डर देण्याआधी सीमाशुल्काचे त्या दिवसाचे नियम एकदा पाहून घ्या, ते बदलत असतात.