रिंगेचे ४५ अंश
२६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेतही बहुमजली इमारती कोसळल्या. वास्तविक भूकंपप्रवण भागांतील सळईरचनेची भारतीय मानक संहिता, आयएस १३९२०, १९९३ सालीच प्रसिद्ध झाली होती. तिचा एक नियम साधा आहे: स्तंभातील रिंगांची टोके १३५ अंशांत वाकवून गाभ्यातील काँक्रीटमध्ये रुतवावीत. ९० अंशांत वाकवलेले टोक बाहेरच्या आवरणातच राहते. हादऱ्यांनी आवरण गळून पडले की रिंग उघडते, उभ्या सळया बाहेर वाकतात आणि स्तंभ खचतो. भूकंपानंतरच्या पाहणीत अशा ९० अंशी रिंगा आढळल्या. नियम कागदावर होता, सळई वाकवणाऱ्या हातांपर्यंत पोहोचला नव्हता. म्हणूनच काँक्रीट ओतण्यापूर्वी प्रत्येक रिंग तपासावी. नंतर ती दिसत नाही.